बालुचरीचा पदर आणि परंपरेचे वय

बंगालच्या बालुचरी साडीविषयी आज जे छापले जाते, मग ते प्रदर्शनाच्या पुस्तिकेत असो, विक्रीकेंद्राच्या पत्रकात असो की एखाद्या नियतकालिकाच्या रंगीत पानावर असो, त्यात एक विधान बहुधा आढळतेच : रामायण-महाभारतातील प्रसंग पदरावर विणण्याची ही बंगालची प्राचीन परंपरा होय. विधान करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. विणकराच्या हाताला काम मिळावे, गिऱ्हाइकाच्या मनात आदर निर्माण व्हावा, एवढेच त्यांना हवे असते. तथापि वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने या विधानाकडे काणाडोळा करू नये, असे मला वाटते. ते पुरते खरे नाही, हे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, 'परंपरा' या नावाखाली आपण साहित्याच्या क्षेत्रात जो व्यवहार करीत आलो आहोत, त्याचेच हे रेशमी प्रतिरूप आहे.

प्रथम वस्तू काय होती ते पाहू. बालुचर हे मुर्शिदाबाद जिल्ह्यातील भागीरथीकाठचे गाव, आजचे जियागंज. अठराव्या शतकाच्या आरंभी मुर्शिद कुली खानाने बंगालच्या सुभ्याचा कारभार ढाक्याहून या परिसरात आणला आणि नवाबी दरबार, सावकारी पेढ्या, युरोपीय कंपन्यांच्या वखारी यांच्या सान्निध्यात येथील रेशमी विणकामाला बहर आला. आज जी जुनी बालुचरी वस्त्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात आणि अन्यत्र जपलेली आहेत, ती बहुतांशी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि एकोणिसाव्या शतकातील आहेत. पीळ न दिलेल्या रेशमामुळे त्यांचा पोत विलक्षण मऊ. रंग गडद : जांभळा, लाल, निळा, तपकिरी. जरीचा स्पर्शही नाही. सारी नक्षी रेशमाचीच. पदराच्या मध्यभागी मोठ्या कुयऱ्या, आणि त्यांच्या भोवती चौकटींच्या ओळी. प्रत्येक चौकटीत माणसे.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पदर म्हटला की पैठणीचा पदर उभा राहतो. त्यावर मोर असतात, पोपट असतात, कमळे आणि वेली असतात. माणूस सहसा नसतो. पैठणीचा पदर आपण पाहतो, वाचीत नाही. बालुचरीचा पदर मात्र वाचावा लागतो. कोणी उशाशी टेकून हुक्का ओढतो आहे, कोणी स्त्री फूल हुंगते आहे, कोणी घोड्यावर स्वार आहे, कोणी टोपीवाला साहेब खुर्चीवर बसला आहे. तीच आकृती ओळीत पुन:पुन्हा येते. एखाद्या ओवीतील पालुपदासारखी. आणि काही पदरांवर आगबोट आहे, रुळांवरून जाणारी आगगाडी आहे, तिच्या डब्यांत बसलेले उतारू आहेत.

या आगगाडीपाशी थोडे थांबले पाहिजे. बंगालमध्ये हावडा ते हुगळी ही पहिली प्रवासी गाडी १५ ऑगस्ट १८५४ रोजी सुटली. मुंबई-ठाणे गाडीनंतर अवघ्या सोळा महिन्यांनी. अर्थात ज्या पदरावर आगगाडी आहे, तो त्यानंतरचा मानणे भाग आहे. ज्या वाहनाकडे लोक अजून आश्चर्याने पाहत होते, ते या विणकराने रेशमात उतरवले. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मधले. नव्या नगराचे, नव्या यंत्रांचे आणि नव्या माणसांचे जे कुतूहल त्या ग्रंथात आहे, तेच या पदरावर आहे. एकाचे माध्यम शाई, दुसऱ्याचे रेशीम, एवढाच भेद. जमीनदारांच्या आणि धनिकांच्या घरांतील ज्या स्त्रियांनी हे पदर खांद्यावर घेतले, त्यांपैकी कितीजणींच्या वाट्याला प्रत्यक्ष गाडीत बसणे आले असेल, हा प्रश्नही मनात येतो. अंत:पुराबाहेरचे जग वस्त्राच्या रूपाने अंत:पुरात शिरले होते, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला चकित करील. या परंपरेतील अखेरचा थोर विणकर म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो दुबराज दास आपल्या वस्त्रांवर स्वत:चे नाव विणीत असे. नित्यगोपाल मुखर्जी यांनी बंगालच्या रेशमी वस्त्रांवर लिहिलेल्या १९०३ च्या इंग्रजी ग्रंथिकेतही त्याची नोंद आहे. भारतीय कारागीर अनाम असतो, त्याला नावाची हाव नसते, तो समूहात विरघळलेला असतो, असे आपण भाबडेपणाने किती वेळा लिहिले आहे! दुबराजला हे तत्त्वज्ञान कोणी सांगितले नव्हते. संतकवी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घालतो, शाहीर लावणीच्या शेवटी आपले नाव गुंफतो, तशीच ही विणकराची नाममुद्रा. ज्या पदरावर काळाची खूण आहे आणि कर्त्याचे नाव आहे, त्याला संहिता म्हणायचे नाही तर कशाला?

येथे एका शब्दाचा प्रवास पाहण्याजोगा आहे. विणकरांच्या बोलीत मागावर बांधलेल्या आकृतीला 'नक्शा' म्हणतात. जुन्या मागावर हा नक्शा दोऱ्यांच्या गाठींत आधी बांधून ठेवावा लागे. मदतनीस त्या दोऱ्या क्रमाने ओढी आणि विणकर धोटा टाकी. मूळ अरबी शब्द एकच, परंतु मराठीत त्याच्या दोन शाखा झाल्या. 'नक्षी' म्हणजे शोभा. 'नकाशा' म्हणजे एखाद्या प्रदेशाचे यथातथ्य रेखाटन. बंगालीत या शब्दाला तिसराच अर्थ लाभला. एकोणिसाव्या शतकात 'नक्शा' हे तेथे एका वाङ्मयप्रकाराचे नाव झाले : समकालीन समाजाचे उपहासगर्भ शब्दचित्र. कालीप्रसन्न सिंह यांचे १८६२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेले 'हुतोम प्याँचार नक्शा' हा त्याचा शिरोमणी. कलकत्त्यातील चडकाचा उत्सव, वर्गणीच्या पूजा, नवश्रीमंत बाबू आणि त्यांचे चाळे यांचे हे चित्रण लोकांच्या बोलण्यातल्या बंगालीत आहे. मराठीत आपण एखाद्याचा 'नक्षा उतरवला' असे म्हणतो. हुतोमने एका संपूर्ण वर्गाचा नक्षा उतरवला. मुर्शिदाबादच्या मागावरचा साहेब आणि हुतोमच्या पानावरचा बाबू हे एकाच काळाचे, आणि माझ्या मते एकाच दृष्टीचे, अपत्य आहेत. दोघांच्याही कर्त्यांना आपल्या भोवतीचे जग चित्रणाच्या योग्यतेचे वाटले.

आणि हेच कालीप्रसन्न सिंह त्याच वर्षांत पंडितांच्या साहाय्याने संपूर्ण महाभारताचे बंगाली गद्य भाषांतर सिद्ध करून घेत होते. १८५८ ते १८६६ असा तो उद्योग चालला. एका हातात व्यास आणि दुसऱ्या हातात हुतोम. त्यांत त्यांना विसंगती वाटली नाही. आपल्यालाही वाटू नये. हा मुद्दा मनात ठेवून आता बालुचरीच्या दुसऱ्या जन्माकडे वळू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुर्शिदाबादचे हे विणकाम मावळले. आश्रयदाते गेले, आवडी बदलल्या, गिरणीचे कापड आले. नदीच्या पुरामुळे विणकर बालुचर सोडून बिष्णुपूरला गेले आणि तेथे त्यांनी आपली कला चालू ठेवली, अशी एक कथा सर्रास सांगितली जाते. ती सुबक आहे, परंतु तिने मधला निदान अर्ध्या शतकाचा खंड झाकला जातो. बाँकुडा जिल्ह्यातील बिष्णुपूर येथे बालुचरी पुन्हा विणली गेली ती १९५६-५७ च्या सुमारास, आणि त्यामागे जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न होता. चित्रकार शुभो ठाकूर यांनी पुढाकार घेतला आणि बिष्णुपूरचे कुशल विणकर अक्षयकुमार दास यांनी तो तडीस नेला. जुन्या गाठींच्या मागाची जागा भोके पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या जॅकार्ड मागाने घेतली. या दोघांचे ऋण मोठे आहे. त्यांनी हे केले नसते तर आज बालुचरी केवळ संग्रहालयातील काचेमागे उरली असती, आणि बिष्णुपूरच्या कित्येक घरांची चूल वेगळ्याच मार्गाने पेटवावी लागली असती.

परंतु बिष्णुपूर हे मल्ल राजांच्या मंदिरांचे गाव. श्यामराय मंदिर १६४३ चे, जोडबांगला १६५५ चे, मदनमोहन मंदिर १६९४ चे. त्यांच्या भिंतींवरील भाजलेल्या मातीच्या फलकांत राम-रावण युद्ध आहे, कृष्णलीला आहे, कुरुक्षेत्र आहे. नव्या बालुचरीने आपली चित्रे या भिंतींवरून आणि पुराणकथांतून उचलली. नवाब आणि साहेब अगदीच हद्दपार झाले असे नाही. पण पदरावर प्राबल्य आले ते गीतोपदेशाला, स्वयंवराला, शकुंतलेला. परिणाम मोठा चमत्कारिक झाला. जे वस्त्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आपल्या काळाचे होते, ते विसाव्या शतकात जन्म घेताना सतराव्या शतकात जाऊन बसले. पुनरुज्जीवनाने बालुचरीचे वय वाढवले. एका विद्यापीठात पाहुणा अध्यापक म्हणून तौलनिक साहित्याचे सत्र घेत असताना मी विद्यार्थ्यांपुढे दोन पदरांची छायाचित्रे ठेवली होती. एकावर आगगाडी, दुसऱ्यावर रथारूढ कृष्णार्जुन. यांतले जुने कोणते, या प्रश्नाला जवळजवळ सर्वांनी रथाकडे बोट दाखवले. आगगाडीचा पदर एकोणिसाव्या शतकातला आणि रथाचा स्वातंत्र्योत्तर काळातला, हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मला बोलकी वाटली. त्या मुलांचा दोष नाही. पौराणिक ते जुने आणि ऐहिक ते नवे, हे समीकरण आपणच त्यांना शिकवले आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा : विणकराने काय विणावे हे पोट भरलेल्या प्राध्यापकाने सांगू नये. गिऱ्हाईक रामायण मागते, म्हणून तो रामायण विणतो. एका साडीमागे दोघादोघांचे कित्येक दिवसांचे कष्ट असतात. ती विकली गेली नाही तर नुकसान अभ्यासकाचे होत नाही. हे मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच माझी तक्रार विणकराविरुद्ध नाही. गिऱ्हाइकाची मागणी ज्या शब्दांनी घडवली जाते त्या शब्दांविरुद्ध आहे, आणि ते शब्द आपल्यासारखे लिहिणारे पुरवतात. मागाची अडचण आहे, असेही म्हणता येणार नाही. कार्डावर रथ जितक्या बिनचूक उतरतो तितकाच अन्य कोणताही विषय उतरेल. नवी कार्डे पाडण्यास खर्च येतो हे खरे; पण गाठींचा जुना नक्शा बांधणे त्याहून कष्टाचे होते, आणि तरीही त्यात नवी आगगाडी शिरली.

दुसरा आक्षेप असा : रामायण-महाभारत ही काही मेलेली वस्तू नव्हे, ती या देशाची जिवंत कथा आहे, तेव्हा ती विणणे हेही समकालीनच. हाही युक्तिवाद खरा आहे, परंतु तो जितका खरा तितकाच माझ्या बाजूचा आहे. बंगालमध्ये ही कथा जिवंत राहिली ती कोणत्या रीतीने? कृत्तिवासाने पंधराव्या शतकात राम बंगाली केला, त्याच्याकडून शरद ऋतूत दुर्गेची अकालपूजा करवली. वाल्मीकीत ती नाही. मंदिरांच्या ज्या भिंतींचा हवाला दिला जातो, त्याही नीट पाहाव्यात. वरच्या फलकांत देव आहेत, पण पायथ्याच्या पट्ट्यांत शिकारी आहेत, नौका आहेत, सैनिक आहेत. मूर्तिकाराने एकाच भिंतीवर दोन्ही जगांना जागा दिली. पुनरुज्जीवनाने वरचा भाग उचलला आणि पायथा बहुतांशी तेथेच राहू दिला.

मराठी वाचकाला याचे एक उदाहरण अधिक झोंबेल. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने याच मुर्शिदाबादवर धाड घातली होती. बर्गींच्या त्या वर्षांची हकीकत गंगारामाने 'महाराष्ट्रपुराण' या बंगाली काव्यात सांगितली. त्याचे हस्तलिखित १७५१ चे. पोथ्या काखोटीला मारून पळणारे पंडित आणि तराजू घेऊन पळणारे सोनार त्यात दिसतात. आपल्या इतिहासाभिमानाला ते वाचन सुखाचे नाही. पण येथे मुद्दा निराळा आहे. काव्याचे नाव 'पुराण'. त्याचा आरंभ देवलोकात होतो. पृथ्वीला पापांचा भार झाला म्हणून शिवाची आज्ञा शाहू राजापर्यंत पोहोचते. आणि मग येते ती काही वर्षांपूर्वीच्या, लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या लुटालुटीची कहाणी. अठराव्या शतकातील बंगाली मनाला पुराण आणि वर्तमान यांच्यात भिंत घालावीशी वाटली नाही. ही भिंत आपण नंतर घातली, आणि तिच्या एका बाजूला 'परंपरा' अशी पाटी लावली.

ही पाटी केवळ साड्यांच्या दुकानात नाही. ती आपल्या अभ्यासक्रमांत आहे. मराठीबाहेरच्या भारतीय वाचकासाठी जेव्हा मराठी साहित्याचा परिचय करून दिला जातो, तेव्हा बहुधा ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्यापासून थेट केशवसुतांपर्यंत उडी असते. मधले अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर हे बालुचरीच्या विणकरांचे समकालीन. उत्तर पेशवाईचा थाट, बाजार, शृंगार आणि पडझड त्यांच्या कवनांत आहे. त्यांची गणना 'परंपरे'त होत नाही आणि 'आधुनिकते'तही होत नाही. एकनाथांचा परिचयही असाच अर्धा. 'भावार्थ रामायण' लिहिणारे एकनाथ आदराने सांगितले जातात. परंतु भारुडांतून जोशी, गोंधळी, महार यांना बोलते करणारे आणि 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिणारे एकनाथ 'लोकवाङ्मया'च्या कप्प्यात जातात. पैठणचा तो पुरुष दोन्ही करीत होता, जसे तीन शतकांनंतर कालीप्रसन्न सिंह करीत होते. आपण मात्र एकाच हाताची नोंद घेतो. यातून तौलनिक अभ्यासाचेही नुकसान होते. भारतीय भाषांची एकात्मता दाखवायची म्हणजे महाकाव्ये आणि भक्ती यांचेच सूत्र धरायचे, असा प्रघात पडला आहे. मराठी शाहिराची पगडी आणि बंगाली नक्शातला बाबू यांच्यातील नाते शोधायला कोणी जात नाही, कारण ती दोन्ही 'भारतीय' वाटण्याइतकी जुनी दिसत नाहीत.

मग उपाय काय? आगगाडीचा पदर पुन्हा विणावा, असे मी म्हणणार नाही. त्या काळी आगगाडी ही वार्ता होती. आज धुराची आगगाडी ही स्मरणरंजनाची वस्तू आहे. ती जशीच्या तशी विणणे म्हणजे एका भूतकाळाच्या जागी दुसरा भूतकाळ ठेवणे. पदरावर काय यावे ते बिष्णुपूरचा विणकर ठरवील. ठरवण्याइतकी उसंत आणि मोबदला त्याला मिळावा, एवढे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. अभ्यासकाच्या हातात असलेल्या गोष्टी दोनच आहेत. एक, या वस्त्रांना तारखा द्याव्यात. जुन्या साडीच्या आणि नव्या साडीच्या वर्णनात 'पारंपरिक' हा एकच शब्द वापरणे थांबवावे. पोथीचा काळ ठरवताना जी काटेकोर दृष्टी आपण वापरतो ती येथेही वापरावी, आणि १९५६ नंतरच्या बालुचरीला तिच्या स्वत:च्या शतकाचा मान द्यावा. तीही एक संहिताच आहे. नवस्वतंत्र देशाला आपला भूतकाळ कसा असावासा वाटला, याची.

दुसरी गोष्ट नावाची. १९९९ च्या कायद्याने आलेली भौगोलिक मानांकनाची व्यवस्था स्थानाचे आणि समूहाचे रक्षण करते. बालुचरीला ते मानांकन मिळाले आहे आणि नकली मालाविरुद्ध त्याचा उपयोगही आहे. पण ते मानांकन व्यक्तीचे नाव सांगत नाही. साडी विकली जाते ती गावाच्या, दुकानाच्या किंवा आराखडा काढणाऱ्याच्या नावाने. ज्याने धोटा टाकला त्याचे नाव वस्त्रावर अभावानेच दिसते. सव्वाशे वर्षांपूर्वी दुबराज दासाने जो हक्क कोणाला न विचारता घेतला, तो त्याच्या वारसांना आज मागावा लागावा, हे आपल्या परंपराप्रेमाशी जुळत नाही. ग्रंथावर लेखकाचे नाव नसेल तर आपण ते शोधण्यात आयुष्य घालवतो. विणकराचे नाव तर अद्याप विचारून मिळण्यासारखे आहे.